आधी गटार, मग रस्ता

गल्लीतला रस्ता नवा झाला की आपण खूश होतो. मग पहिल्याच जोरदार सरीला तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरते आणि आपण म्हणतो, यंदा पाऊसच फार! पाऊस फार असेलही. पण रस्ता उंबरठ्यापेक्षा वीतभर वर चढला, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

साधा हिशेब करून पाहू. रस्ता १०० मीटर लांब, १० मीटर रुंद. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढ्याच तुकड्यावर तासाभरात ५० हजार लिटर पाणी पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर! रस्त्याला मातीची कड असेल, झाडांची आळी मोकळी असतील, तर थोडेफार मुरते. काँक्रीटवरून जवळजवळ सगळेच वाहते, आणि झटकन वाहते.

मुंबईची जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती, तीही समुद्राला ओहोटी असेल आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे मानून. १९९३च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता दुप्पट करायला सांगितले. मुरणारे पाणी तर हिशेबातच धरले नाही. त्या कामाला खरा वेग आला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या वेळी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

डांबरी रस्त्याची चूक सुधारता येते. वरचा थर खरवडला की झाले. काँक्रीटचा रस्ता मात्र पंचवीस-तीस वर्षांसाठी बांधतात. त्याची पातळी एकदा चुकली, की एक पिढी घरातले पाणी उपसत बसते. म्हणून गटाराचे काम आधी, आणि तेही नाल्याच्या तोंडापासून मागे गल्लीकडे यायला हवे. पुढचा पाइप अरुंद असताना आपल्या दारात मोठा पाइप टाकून काय उपयोग?

रस्ता खणलेला असतो तेव्हाच हे विचारायचे. जुना थर काढणार का? तयार रस्ता उंबरठ्याच्या किती खाली राहील? गटाराची जाळी सखल जागीच बसणार ना? (ती उंचवट्यावर बसवलेली मी पाहिली आहे, आणि शेजारी तळे!) काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंत्याला या गोष्टी नकाशावर दाखवता येतात. ओतल्यावर पंपच आणावा लागतो.