ग्रंथाने जीवन पालटते काय?

ज्येष्ठ सरत आला की श्रीतुकोबारायांची पालखी बारामतीत येते. पुढे काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, इंदापुरात मुक्काम पडतो आणि सराटीला नीरेचे स्नान घडून सोहळा अकलूजकडे मार्गस्थ होतो. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. वाटेवरच्या गावांत वर्षभर हरिनाम सप्ताह होत असतात. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही, ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या वाचल्या जातात आणि काल्याच्या कीर्तनाने सांगता होते. मग आठवे दिवस उजाडतो. बांधाचा तंटा होता तेथेच असतो, भावाभावांतला अबोला सुटलेला नसतो. अशा वेळी घरातला एखादा तरुण विचारतो, "एवढे पारायण झाले, पण बदलले काय?" हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून झटकून टाकावा, असे आम्हांस वाटत नाही. त्याचे उत्तर भाविकांनीच दिले पाहिजे.

प्रथम गीतेकडेच पाहू. कुरुक्षेत्रावर भगवंतांचा उपदेश अर्जुनाने ऐकला. तोच उपदेश, तेच अठरा अध्याय, संजयाच्या मुखातून धृतराष्ट्रानेही ऐकले. अर्जुनाचा मोह गेला आणि तो कर्तव्याला उभा राहिला. धृतराष्ट्राचा पुत्रमोह मात्र तसूभरही हलला नाही. वक्ता एक, उपदेश एक, पण फळ निराळे. सर्व सांगून झाल्यावर स्वतः भगवंतही अर्जुनास म्हणतात की, याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. बळजबरीने कोणाचे जीवन पालटावे, हा ग्रंथाचा धर्मच नव्हे.

मग ते पालटते कशाने? ज्यांची पालखी आपल्या दारावरून जाते, त्या तुकोबांचे चरित्रच याचे उत्तर देते. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. त्यात व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, पुत्रही गेला. परंपरा सांगते की, भंडाऱ्याच्या डोंगरावर त्यांनी ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवत यांचे मनन केले. परंतु तुकोबा तेवढ्यावर थांबले नाहीत. वडिलोपार्जित सावकारीची खतपत्रे घरात होती. धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. ग्रंथ अंतरी उतरला याची खूण ती! ऋणकोच्या घरी त्या दिवशी जे समाधान नांदले असेल, ते त्या मननाचेच फळ नव्हे काय?

आमच्या शेतकरी वाचकांना ही गोष्ट नीरेच्या पाण्यावरून सहज उमगेल. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानांत ऊस डोलू लागला. परंतु कालवा कितीही भरून वाहो, ज्याने दारे धरली त्याच्याच रानात पाणी शिरते. आणि जेथे पाणी येतच राहिले पण त्याला बाहेर वाट मिळाली नाही, तेथे जमिनी खारपड झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास कृषिखात्याला करावा लागला. त्यावर उपाय एकच, चर खणून निचरा करणे. वाचनाचेही तसेच आहे. ऐकलेले आचरणातून बाहेर पडले नाही, तर ते आतल्या आत साचते आणि त्यावर 'माझी इतकी पारायणे झाली' या अहंकाराचे मीठ फुटते.

अलीकडच्या काळातील एक दाखला पाहावा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी अठरा रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती शब्दशः उतरून घेतली साने गुरुजींनी. पुढे १९४७ च्या मे महिन्यात, पंढरीचा विठ्ठल अस्पृश्य मानलेल्या बांधवांनाही भेटावा म्हणून याच गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणास लावून दहा दिवस उपोषण केले. हे एका ग्रंथानेच घडविले असे आम्ही म्हणणार नाही. गुरुजींचा पिंड मुळात मातेच्या संस्कारांनी घडला होता. परंतु गीतेतील समत्वाचा निचरा कोणत्या दिशेने व्हावा, हे त्यांनी दाखविले. आज पालखीमागून चालणारा प्रत्येक वारकरी त्या उपोषणाचा ऋणी आहे.

हे एकट्याने साधणे मात्र कठीण. बारामतीत आयुष्य वेचलेल्या कविवर्य मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अवघे महाभारत आर्यांत आणले. पुराणे सांगण्यात ज्यांची हयात गेली, अशा या विद्वानाने 'केकावली'त देवाजवळ मागितले काय? सज्जनांची संगत! एवढे ग्रंथ मुखी असूनही त्यांना संगतीची गरज वाटली. वारीचे मर्म हेच. शेजारी चालणारा माणूस आपल्याला आपल्याच वाचनाची आठवण देत राहतो.

म्हणून त्या तरुणाला रागावू नये. ग्रंथ जीवन पालटतो, परंतु वाचणाऱ्याने काही सोडले तरच, हे त्याला सांगावे. या आषाढी एकादशीला उपवास घडेल, पोथीही वाचली जाईल. त्यासोबत एक जुने वैर, एखाद्या गरिबाकडचे थकलेले व्याज किंवा बांधावरचा हातभर हट्ट विठुरायाच्या चरणी सोडून द्यावा. द्वादशीला पारणे फिटेल तेव्हा 'बदलले काय?' या प्रश्नाचे उत्तर त्या घरात कोणालाही शब्दांनी द्यावे लागणार नाही.