जीपचे मडगार्ड आणि बॉनेटवरचे झरोके

तालुक्याच्या गावी हल्ली एखादी जीप किंवा थार अशी दिसते, की तिची मूळची मडगार्डे काढून त्या जागी अरुंद, उंच, लोखंडी मडगार्डे बसवलेली असतात. बॉनेटला दोन्ही अंगांना भोके पाडून वर जाळ्या ठोकलेल्या असतात. पाहणारा म्हणतो, "वा, काय ऐटदार गाडी आहे!" ऐटदार दिसते खरी. पण ही टूम निघाली ती ऐटीसाठी नव्हे. ती जिथे निघाली तिथे तिला काम होते. ते काम काय, आणि आपल्याकडे ते साधते का, हे आज पाहायचे आहे.

जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, लष्करासाठी ती हजारोंनी बनू लागली. तिची पुढची मडगार्डे म्हणजे अक्षरशः सपाट फळ्या; शिपाई त्यांवर बसत, बॉनेटवर नकाशा पसरत. युद्ध संपल्यावर महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची जीप आपल्याकडे वर्षानुवर्षे बनली. ते बॉनेट उंच का, तर आतले नवे इंजिन उंच होते म्हणून! तिथेही आधी गरज, मग रूप.

अमेरिकेत लोक या गाड्या घेऊन हौसेने खडकांत शिरू लागले. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत रुबिकॉन नावाची वाट आहे, नुसते धोंडेच धोंडे. तिथे १९५३ पासून जीपवाल्यांचा मेळावा भरतो. यूटा राज्यात मोआब गावी तांबड्या खडकांवर १९६७ पासून तसाच मेळावा भरू लागला. या वाटांवर गाडी माणसाच्या चालीने चालते. ही संथ चाल ध्यानात ठेवा.

आधी मडगार्ड. नावातच काम आहे, चिखल अडवणे. शिक्षक बंधूंनी वर्गात विचारावा असा एक प्रश्न सांगतो. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने धावते आहे. तर तिच्या चाकाचा सर्वांत वरचा बिंदू रस्त्याच्या मानाने किती वेगाने धावतो? उत्तर आहे, ८०. चाक फिरतेही आणि पुढेही सरकते. वरच्या टोकाला दोन्ही वेग मिळतात. म्हणजे वरून सुटलेले ढेकूळ गाडीच्याही पुढे, दुप्पट वेगाने झेपावते. वर मडगार्ड नसेल तर ते हवेत उडते आणि गाडी त्याच्यावर जाऊन आदळते, तेही नेमकी चालकासमोरच्या काचेने. टायर मडगार्डाबाहेर डोकावत असेल, तर तेवढ्या पट्ट्याने उडालेले खडे दारावर, मागच्या मोटारसायकलवाल्यावर आणि कडेने चाललेल्या शाळकरी पोरांवर जातात. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांत टायर झाकलेला असावा असा कायदा आहे.

मग खडकांतले लोक मडगार्ड कापतात कशाला? एक चाक धोंड्यावर चढले की ते वर, मडगार्डाच्या पोटात शिरते. टायर मोठा असेल तर तो घासतो, फाटतो. यावर उपाय दोन. एक, गाडीच उचलून उंच करायची. पण उंच केलेली गाडी उतारावर कलंडायला सोपी. गवताने शिगोशीग भरलेली बैलगाडी उलटताना ज्याने पाहिली त्याला हे सांगायला नको. दुसरा उपाय, गाडी खालीच ठेवायची आणि मडगार्ड वर न्यायचे. यात शहाणपण आहे. शिवाय जाड लोखंडाचे मडगार्ड खडकाला घासले तरी नुसता ओरखडा पडतो. मात्र हे सारे खडकांसाठी. सांगली-कराड रस्त्यावर चाक एवढे वर जातच नाही. तिथे अरुंद मडगार्डाचा लाभ काय, तर चिखल जास्त उडतो.

आता उष्णतेकडे वळू. जाळलेल्या इंधनातली ढोबळ मानाने तिसरा हिस्सा उष्णताच कामी येते. बाकीची काही धुराबरोबर जाते, काही पाण्यावाटे रेडिएटरला येते. पुढच्या जाळीतून आलेली हवा रेडिएटरमधून ओढली जाते आणि तापून बॉनेटखाली येते. आपले लक्ष नेहमी हवा आत कशी येते याकडे असते. पण आलेली हवा बाहेर कुठे जाते? बव्हंशी इंजिनाखालून, थोडी चाकांच्या बाजूंनी. तिला वाट अपुरी असली तर आत हवा कोंडते, आणि कोंडलेल्या जागेत नवी हवा शिरत नाही. स्वयंपाकघरात धूर कोंडला की आपल्या आयाबाया काय करीत? चूल विझवत नसत. माळवदाचे साणे उघडीत. बॉनेटवरचा झरोका म्हणजे ते साणेच.

खडकांत हे साणे फार कामाला येते. धावत्या गाडीवर वाऱ्याचा जो दाब येतो तो वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी ८० वरून १० वर आलात, वेग आठवा हिस्सा झाला, की दाब चौसष्टावा हिस्सा उरतो. इंजिन मात्र पहिल्या गिअरमध्ये घाम गाळीत असते. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर. तापलेली हवा हलकी, ती आपसूक वर जाते. वर झरोका असला तर पंख्याला तेवढी मदत होते.

पण वेगाने धावताना खेळ पालटतो, आणि पुष्कळ गॅरेजवाले इथेच फसतात. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, जिथे बॉनेट संपते, तिथे वारा काचेवर आपटून तुंबतो. जीपची काच उभी, म्हणून तुंबारा जास्त. तिथे झरोका पाडला तर गरम हवा बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवाच आत घुसते. काहीजण बॉनेटच्या मागल्या बिजागरीखाली चकत्या घालून फट ठेवतात. गाडी उभी असताना त्या फटीतून ऊन हवा येते आणि मालक खूश होतो. रस्त्याला लागल्यावर तीच फट उलटी चालते. आणखी एक गोष्ट. बहुतेक गाड्यांत माणसांसाठी ताजी हवा याच काचेच्या पायथ्यापासून आत घेतात. तिथून इंजिनाचा ऊन वास सोडला तर तो बसलेल्यांच्या नाकात! झरोक्याची योग्य जागा पुढे, रेडिएटरच्या थोडी मागे. तिथे बॉनेटवरून वळणारा वारा वेग घेतो, दाब उतरतो आणि आतली हवा ओढली जाते.

कात्री लावण्याआधी हे फुकटात पाहता येते. लोकरीचे वीतभर तुकडे चिकटपट्टीने बॉनेटवर ठिकठिकाणी लावा. एकाने गाडी हाकावी, दुसऱ्याने शेजारी बसून पाहावे. जिथे धागा सरळ मागे ताणला जातो तिथे वारा स्वच्छ वाहतो. जिथे तो गोंधळतो, उलटा वळतो, तिथे वारा तुंबला आहे असे समजावे.

झरोक्यातून पाऊसही येतो. कारखान्यातल्या झरोक्याखाली पाणी बाजूला नेणारी पन्हळ असते. मिस्त्रीने पाडलेल्या भोकाखाली बहुधा ती नसते, आणि कोकणातला आषाढ थेट विजेच्या तारांवर पडतो. चाकाच्या पोटातला आतला पडदा काढून टाकणे हाही असाच उपाय: हवा सुटते, पण चिखल थेट पट्ट्यावर जातो. अमेरिकेत त्यासाठी बारीक खाचांचे पत्र्याचे पडदे मिळतात, ते बरे.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारावे.

आता जी गाडी घाटात खरोखरच तापते तिच्याविषयी. नऊ-दहा माणसे भरलेली जीप घाटाच्या मध्यावर वाफारा सोडू लागली, की मालकाला झरोक्याची आठवण होते. पण रेडिएटर चोंदलेला असेल तर बॉनेटला चाळणी केली तरी पाणी उकळणारच. आधी कूलंटची पातळी पाहा. पंख्याचा पट्टा सैल आहे का, पंख्याभोवतीचे कडे मोडून कुणी फेकून दिले आहे का, ते पाहा. मग रेडिएटरच्या बारीक पात्यांत डोकवा. सुगीत तिथे कुसळे, भुसा आणि चिखल यांचा लेप बसतो. आणि तापल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नका. आत दाब असल्याने तिथले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण फिरवले की दाब सुटतो आणि ते एकदम वाफ होऊन तोंडावर येते. फडके धरले तरी हात-तोंड भाजते. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, माणसे उतरवावीत, बॉनेट उघडे ठेवून पाऊण तास थांबावे. घरी आल्यावर, गाडी गार असताना, रेडिएटर इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला असा धुवावा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने जातो. पाण्याची धार बेताची असावी. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात आणि हवेची वाट बंद होते.