जहाजाची सहल आणि विम्याचा कागद : कुटुंबासाठी पॉलिसी घेताना काय पाहावे?

महाड हे एके काळी बंदर होते, हे आज आमच्या तरुण वाचकांना मुद्दाम सांगावे लागते. बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने गलबते वर येत, दासगाव-महाडला माल उतरे आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाटावर जाई. आमच्या भागातील बुजुर्ग हजला जात तेही मुंबईहून जेद्दाहपर्यंत जहाजानेच. ती जहाजे १९९५ मध्ये बंद झाली आणि आपला समुद्राच्या प्रवासाशी असलेला संबंध जवळजवळ संपला.

आता तो वेगळ्या रूपाने परत आला आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सहलीची मोठी जहाजे सुटू लागली. या सहलींना ‘क्रूझ’ म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत इंदिरा डॉकजवळ त्यासाठी नव्या टर्मिनलचेही उद्घाटन झाले. आखातातून रजेवर आलेला भाऊ ईदनंतर सर्व कुटुंबाला घेऊन अशा सहलीला निघतो, महाड आणि पोलादपूरच्या बाजारातील व्यापारीही मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत चौकशी करतात. तिकिटाची चौकशी सर्व करतात, विम्याची मात्र कोणी करीत नाही. एजंटने तिकिटाबरोबर जो कागद जोडून दिला तो न वाचता खिशात घालतात. तो कागद कसा वाचावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी एक शंका

विमा घेणे जायज आहे काय, हा प्रश्न आमचे अनेक वाचक विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. व्याज व अनिश्चितता या दोन कारणांवरून उलेमांनी प्रचलित विम्यावर आक्षेप घेतलेले आहेत, तर जेथे कायद्याची सक्ती आहे किंवा मोठ्या नुकसानीची भीती आहे तेथे सवलत देणारेही उलेमा आहेत. परस्पर साहाय्यावर उभारलेली ‘तकाफुल’ पद्धत मलेशियात १९८४ च्या कायद्यापासून चालू आहे आणि आखातातही आहे. आपल्या देशात मात्र प्रवासासाठी तशी पॉलिसी मिळत नाही. आखातात राहणाऱ्या भावाला ती तेथून स्वतःसाठी घेता येईल. बाकीच्यांनी आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना विचारून निर्णय घ्यावा. त्यांना पॉलिसी दाखवून विचारावे, म्हणजे उत्तर नेमके मिळेल.

काही ठिकाणी निवडीचा प्रश्नच नसतो. रस्त्यावर गाडी आणायची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिसऱ्या पक्षाचा विमा घ्यावाच लागतो. आखातात मजुरीला जाणाऱ्या आपल्या मुलांना ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ घेतल्याशिवाय इमिग्रेशनची परवानगी मिळत नाही. त्याचप्रमाणे जहाज युरोपच्या बंदरांना जाणार असेल, तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो.

मेडिक्लेम आहे, मग आणखी कशाला?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. घरी असलेला मेडिक्लेम सामान्यतः भारतातील उपचारांपुरता असतो. म्हणजे जहाज श्रीलंकेच्या बंदरात गेले की त्याचा आधार बहुधा संपला. पण जहाज मुंबई-गोवा एवढेच जाणार असले तरी अडचण आहे. मेडिक्लेममध्ये ‘हॉस्पिटल’ या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, मोठ्या शहरात किमान १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर व नर्स, अशा त्या अटी आहेत. जहाजावरील दवाखाना दोन-चार खाटांचा असतो. तेथे झालेला खर्च मेडिक्लेममधून मागितल्यास दावा अडण्याची शक्यता मोठी.

शिवाय जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. त्याची फी, सलाईन, इंजेक्शने हे सर्व आपल्या खोलीच्या खात्यावर चढते आणि उतरताना हिशेब चुकता करावा लागतो. प्रकृती जास्त बिघडली तर जवळच्या बंदरावर उतरवून हॉस्पिटलात न्यावे लागते. त्याला पॉलिसीत ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ म्हणतात, आणि परदेशाच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठा खर्च हाच असतो. म्हणून पॉलिसी हातात आल्यावर पहिले दोन प्रश्न हेच विचारावेत : जहाजावरील उपचार धरले आहेत काय? आणि जहाजावरून किनाऱ्यावर नेण्याचा खर्च किती रकमेपर्यंत धरला आहे?

नुकसान कोठे कोठे होते?

पहिले ठिकाण घर ते धक्का. महाड ते मुंबई हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पोलादपूरहून त्यात आणखी भर. महामार्गावर माणगावला गाड्यांची रांग लागली की किती तास जातील याचा भरवसा नसतो, हे आम्ही वाचकांना सांगावयास नको. जहाज म्हणजे एस.टी. नव्हे, हात दाखवून ते थांबत नाही. सुटण्याच्या पुष्कळ आधी प्रवेश बंद होतो. ‘जहाज चुकले’ या कारणासाठी काही पॉलिसींत भरपाई असते, परंतु तिच्या अटी वाचाव्यात. रेल्वे किंवा बस बंद पडली, अपघात झाला, तर बहुधा पैसे मिळतात. आपली स्वतःची गाडी रांगेत अडकली, तर बहुधा मिळत नाहीत. तेव्हा यावर खरा उपाय पॉलिसी नाही. आदल्या दिवशी वीर स्टेशनवरून रेल्वेने किंवा एस.टी.ने मुंबई गाठावी आणि डोंगरी, मोहम्मद अली रोडकडे नातेवाइकांकडे रात्र काढावी.

दुसरे ठिकाण घरातील संकट. महाडकरांनी २२ जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे. दुकानांतील माल दोन दिवसांत चिखल झाला आणि त्याच सायंकाळी तळियेची दरड कोसळली. असे संकट आले आणि सहल रद्द करावी लागली तर तिकिटाचे पैसे परत मिळतील काय? जहाज कंपनीचा नियम असा की तारीख जितकी जवळ, तितकी परत मिळणारी रक्कम कमी. अगदी शेवटच्या दिवसांत काहीच मिळत नाही. विम्यातील ‘ट्रिप कॅन्सलेशन’ येथे उपयोगी पडते, पण ते फक्त छापलेल्या कारणांसाठी. प्रवाशाचे किंवा जवळच्या नातेवाइकाचे गंभीर आजारपण व मृत्यू हे कारण बहुतेक पॉलिसींत असते. राहते घर पुराने किंवा आगीने निकामी झाले हे कारण काहींत असते, काहींत नसते. आमच्या नदीकाठच्या वाचकांनी ते आहे की नाही हे बोट ठेवून पाहावे. दुकानात अचानक मोठी ऑर्डर आली किंवा मन बदलले, याला कोणीही पैसे देत नाही.

तिसरे ठिकाण समुद्र. तिकिटाच्या मागील बारीक अक्षरांत जहाज कंपनीने मार्ग बदलण्याचा, एखादे बंदर गाळण्याचा हक्क स्वतःकडे ठेवलेला असतो. वादळामुळे गोव्याऐवजी भर समुद्रात दोन दिवस काढावे लागले, तर बहुधा तक्रारीस जागा नसते. तौक्ते वादळ मे २०२१ च्या मध्यास आपल्या किनाऱ्यावरून गेले, म्हणजे ऐन सुट्टीत. येथे एक नियम पक्का ध्यानात ठेवावा : वादळाची बातमी जाहीर झाल्यानंतर काढलेल्या पॉलिसीत त्या वादळाचे नुकसान धरत नाहीत. आग लागल्यावर दुकानाचा विमा उतरविता येत नाही, तसेच हे. म्हणून तिकीट काढले त्याच आठवड्यात पॉलिसी काढावी.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया जहाजावर सुमारे २,००० माणसे होती. गोव्यात तपासणी झाली, ६६ जणांना कोरोनाची लागण आढळली आणि जहाज मुंबईस परत पाठविले गेले. ज्यांना ताप नव्हता, खोकला नव्हता, त्यांचीही सहल तेथेच संपली. अशा वेळी खोलीत अडकून पडण्याची, सहल अर्धवट सुटण्याची भरपाई पॉलिसीत आहे काय आणि साथीचे रोग वगळले आहेत काय, हे दोन मुद्दे पाहावेत. साथीचे रोग अनेक कागदांत वगळलेल्या बाबींच्या यादीत असतात.

कुटुंब म्हणजे कोण?

आपल्याकडे कुटुंब म्हटले की आई-वडील, भाऊ, भावजया, त्यांची मुले सर्व आली. विम्याच्या कागदावर कुटुंब म्हणजे बहुधा नवरा, बायको आणि मुले. आई-वडिलांसाठी, भावाच्या कुटुंबासाठी वेगळी पॉलिसी लागते. एकत्र पॉलिसी असली की हप्ता घरातील सर्वांत वयस्क माणसाच्या वयावर ठरतो. तेव्हा अब्बांची पॉलिसी वेगळी काढून दोन्हींचा हिशेब करून पाहावा, पुष्कळदा वेगळी स्वस्त पडते.

आखातातून आलेल्या भावाने विशेष काळजी घ्यावी. आपल्या कंपन्यांच्या अनेक पॉलिसी भारतात राहणाऱ्यांसाठी आणि भारतातून सुरू होणाऱ्या प्रवासासाठी असतात. तो त्यांत बसतो की नाही हे लेखी विचारून घ्यावे.

घरात कोणी गरोदर असेल तर विम्याच्या आधी जहाजाचा नियम पाहावा. चोवीस आठवडे पूर्ण होणार असतील तर बहुतेक जहाज कंपन्या चढू देत नाहीत. धक्क्यावर परत फिरविले तर त्याचे पैसे विम्यातून मिळतील असे समजू नये.

नावांचाही प्रश्न आहे. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव पासपोर्टवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मुहम्मद’ आणि तिकिटावर नुसते ‘मो.’ असते. दाव्याच्या वेळी हाच फरक महिनोन्महिने फिरवितो. तिकीट व पॉलिसी दोन्हींवर नाव ओळखपत्राप्रमाणे अक्षरशः घालावे.

फॉर्ममधील ऐब

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, पोलादपूरच्या एका व्यापाऱ्याच्या अब्बांना दहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. फॉर्म भरताना एजंट म्हणतो, “काही आजार नाही असेच लिहा, हप्ता कमी येईल.” व्यापारी मान डोलावतो. जहाजावर अब्बांना चक्कर येते, डॉक्टर त्यांच्या गोळ्या पाहतो आणि कागदावर लिहितो : जुना मधुमेह. तो एक शब्द दावा फेटाळण्यास पुरेसा आहे. त्या वेळी एजंट जबाबदार धरला जात नाही, कारण सही आपली असते.

मालातील ऐब गिऱ्हाइकाला सांगून विकावा, लपवून विकलेल्या मालात बरकत नाही, ही शिकवण आपल्या दुकानदारांना लहानपणापासून असते. विम्याचा व्यवहारही कायद्याने अशाच पूर्ण सचोटीवर उभा आहे. फरक एवढाच की येथे ऐब सांगण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर आहे. साखर, रक्तदाब, दमा, झालेले ऑपरेशन, सर्व लिहावे. हप्ता वाढेल, एखादी कंपनी नाकारीलही. मग दुसरी पाहावी. जुन्या आजाराबद्दल अनेक कागदांत ‘फक्त जीवावर बेतले असता’ अशी अट असते, म्हणजे प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो. ती अट कळली की पुढील खर्चासाठी किती पैसे जवळ ठेवावेत हे ठरविता येते.

दावा करण्याची वेळ आली तर

कंपनीच्या मदत केंद्राचा क्रमांक घरातील दोघांकडे तरी लिहून असावा आणि दवाखान्यात जातानाच त्यांना कळवावे. डॉक्टरचे पत्र, शिक्क्याची बिले, पैसे भरल्याची पावती व औषधांच्या चिठ्ठ्या जहाज सोडण्यापूर्वी हातात घ्याव्यात. जहाज निघून गेल्यावर ते कागद मिळविणे कठीण. सामान हरवले तर जहाजाच्या कार्यालयाकडून तसे लेखी घ्यावे, चोरी असेल तर बंदरावर पोलिसांत नोंद करावी.

दावा अन्यायाने नाकारला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लेखी कळवावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. त्याला फी नाही आणि वकिलाचीही गरज नाही. विमा नियामक प्राधिकरणाकडे १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदविता येते.

व्यापारी बांधवांनो, माल घेताना आपण पोत्यात हात घालून दाणा पाहतो. पॉलिसीचेही तसेच करावे. ती स्वस्त आहे म्हणून घेऊ नये. बरोबर येणाऱ्यांपैकी सर्वांत वयस्क माणूस कोण आणि जहाजाचे सर्वांत दूरचे बंदर कोणते, या दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून निवडावी. त्या माणसाला त्या बंदरात त्रास झाला तर हा कागद कामास येईल, अशी खात्री पटली तरच पैसे द्यावेत. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची आपली शिकवण आहे. एवढी तजवीज करून निघालात तर सफर इन्शाअल्लाह सुखाची होईल, आणि संकट आलेच तरी दुकानाचे भांडवल मोडण्याची वेळ येणार नाही.