अंबिकेची कैफियत

जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावल या तालुक्याच्या गावी महर्षी व्यासांचे मंदिर आहे, आणि आषाढातल्या व्यासपौर्णिमेस तेथे खानदेशच्या खेड्यापाड्यांतून भाविकांची रीघ लागते. महाभारतकाराची मंदिरे आपल्या देशात थोडीच, त्यामुळे येथे हात जोडताना त्यांच्याच ग्रंथातील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. विचित्रवीर्य निपुत्रिक वारल्यावर कुरुवंश राखण्यासाठी सत्यवतीने आपल्या या तपस्वी पुत्रास नियोगार्थ बोलावले. त्याचे उग्र रूप पाहून अंबिकेने डोळे मिटून घेतले, म्हणून तिच्या पोटी धृतराष्ट्र आंधळा जन्मला. आणि तोच प्रसंग पुन्हा ओढवणार असे दिसताच तिने आपल्या जागी दासीला धाडले, तिचा पुत्र विदुर. व्यासांचा प्रांजळपणा असा की, स्वतःच्या कुरूपतेचा हा वृत्तान्त त्यांनी दडवला नाही. परंतु अंबिकेची कैफियत ग्रंथाच्या दफ्तरी दाखल नाही, आणि त्या दासीचे तर नावही नाही.

पुराणकथा नव्याने सांगणाऱ्या लेखिका नेमक्या अशा रिकाम्या जागी येऊन थांबतात. मराठीत दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त' १९६७ साली. दुर्गाबाई महाभारताच्या प्रेमात पडून लिहितात. इरावतीबाई मात्र जातिवंत मानववंशशास्त्रज्ञ, त्या पात्रांची उलटतपासणी घेतात आणि भीष्मालाही सोडीत नाहीत. असे असूनही 'युगान्त' वाचून वर्षे लोटल्यावर वाचकाच्या मनात जे उरते, ते त्यांनी प्रमाण सोडून रचलेले भाग होत, असे माझे मत आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी कोसळते, धर्मराज तिच्या पतनाचे कारण सांगून मागे न पाहता पुढे जातो, एवढेच व्यास सांगतात. इरावतीबाईंची द्रौपदी अजून जिवंत असते, भीम तिच्यासाठी मागे फिरतो, आणि ज्याने सर्वांत अधिक प्रेम केले तो कोण, हे तिला त्या अखेरच्या घटकेस उमगते. या स्वरचित भागाला त्यांनी स्वतःच 'नरोटी' म्हटले. १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून एकनाथांनी ताकीद दिली होती की, या ग्रंथात जो आपली ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे. पदरचे ते पदरचे, हे स्पष्ट सांगण्याची ही विद्वत्तेची शिस्त मला त्या कल्पनेइतकीच मोलाची वाटते.

त्याच पतनाच्या क्षणी ओडिया लेखिका प्रतिभा राय यांची 'याज्ञसेनी' आरंभ पावते: हिमालयाच्या पायथ्याशी पडलेली द्रौपदी कृष्णाला पत्र लिहिते, आणि सबंध कादंबरी म्हणजे ते पत्र. तिला १९९१ चा मूर्तिदेवी पुरस्कार लाभला. समुद्रापलीकडे कॅनडाच्या मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी 'द पेनेलोपियड' (२००५) मध्ये आणखी खालच्या पायरीवर उतरून, होमरच्या काव्यात फासावर गेलेल्या बारा दासींना बोलते केले. विदुराच्या आईला अशी लेखिका भेटावी! मात्र हल्ली पुष्कळ ठिकाणी पुराणातील नायिका वक्तृत्वस्पर्धेत उभी राहिल्यासारखी बोलते, तिच्या तोंडी लेखिकेची आजची मते जशीच्या तशी येतात, आणि मग ती द्रौपदी आहे की गांधारी, याने काही बिघडत नाही. अरुणा ढेरे यांच्या 'कृष्णकिनारा'तील राधा, कुंती आणि द्रौपदी या तिघी अशा एकमेकींत मिसळत नाहीत, हे त्या पुस्तकाचे बळ. त्यांतील राधा तर व्यासांची नव्हेच; तिच्या नावाचा फार जुना दाखला हालाच्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, सापडतो. लोकांच्या तोंडून आलेली बाई पुराणात शिरली ती अशी.

आणि लोकांच्या तोंडी हा उद्योग फार जुना आहे. लंकेत राहून आलेल्या सीतेला रावण कसा होता असे विचारले जाते. तिने मान वर करून पाहिलेलेच नसल्यामुळे ती त्याच्या पायाचा अंगठा तेवढा काढून दाखवते. विचारणारी कैकेयी उरलेला रावण रेखाटून ते चित्र रामापुढे ठेवते, आणि सीता वनात जाते. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा नाही, बायकांच्या गाण्यांत आहे. धोब्याच्या बोलण्याने राजाने राणी टाकली हे जाते ओढणाऱ्या बाईला पटण्यासारखे नसावे. सासूने घर मोडले, हे तिच्या रोजच्या वहिवाटीतले. तारा भवाळकरांनी 'सीतायन'मध्ये अशा लोकपरंपरेतील सीतेचा मागोवा घेतला आहे.

खानदेशात ही परंपरा अजून घरोघर नांदते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीच्या गुलोजी-गुलाबाईची स्थापना करतात आणि संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणतात. भिल्लिणीचा वेश घेऊन शंकराला भुलवणारी पार्वती ती हीच, असे सांगतात. पण गाण्यांत तिला डोहाळे लागतात, ती माहेरची वाट पाहते, आणि सासरच्या माणसांची यथेच्छ चेष्टा होते. यावलहून तापीपलीकडच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती; त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले आणि कवयित्रीचे नाव राहिले. गुलाबाईची गाणी रचणाऱ्या बायांची नावे कोणी टिपली नाहीत, आणि गाणाऱ्या मुलीही ती विचारीत नाहीत. शेवटचे गाणे संपले रे संपले की खिरापतीचा झाकलेला डबा कानाशी हलवून आत दाणे आहेत की फुटाणे, यावर त्यांचे भांडण जुंपते.