मुलाखतीचं उत्तर आणि न्यायशास्त्रातली पाच वाक्यं



तत्त्वज्ञानाच्या माणसानं नोकरीच्या मुलाखतीवर काय बोलायचं, असं आजचा विषय बघून काही जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पगार किती मागावा, कोणत्या क्षेत्रात भरती चालू आहे, हे सांगणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक पुष्कळ आहेत. पण मुलाखतीत नेमकं काय होतं ते बघा. एक अनोळखी माणूस समोर बसलेला असतो. तुम्ही त्याच्यापुढे एक विधान करता : 'मी हे काम करू शकेन.' त्यानं ते खरं का मानावं? दुसऱ्याला पटेल असं विधान कसं मांडावं, हा न्यायदर्शनाचा गाभ्याचा प्रश्न आहे. म्हणून आज गौतमाच्या न्यायसूत्रांची मदत घेऊ या.

सुरुवात अर्जापासून करू. रेझ्युमे उघडला की पहिल्या चार ओळींत काय असतं? मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी, टीममध्ये काम करायची आवड. यातलं खोटं काहीच नाही. पण शेजारच्या अर्जातही हेच लिहिलेलं असतं. न्यायशास्त्रात अशा हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात. 'हा प्राणी गाय आहे, कारण याला शिंगं आहेत' असं कुणी म्हटलं, तर आपण म्हणू, अहो, शिंगं म्हशीलाही असतात! शिंगं खरी आहेत, पण त्यांवरून गाय सिद्ध होत नाही. 'मी मेहनती आहे' हे अर्जातलं शिंग आहे.

म्हणजे वेगळं दिसायचं असेल तर रंगीत चौकटी आणि फोटो कामाचे नाहीत. उलट बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि चौकटी-रकाने असले की त्याचा गोंधळ होऊ शकतो. साधा, एका रकान्यातला अर्ज करा. जाहिरातीत ज्या कामाचं जे नाव दिलंय, ते काम तुम्ही खरंच केलं असेल तर तेच नाव वापरा. आणि प्रत्येक गुणाच्या जागी एक घटना लिहा. घटना तुमचीच असते, ती शेजारच्या अर्जात सापडणार नाही.

आता मुलाखत. दुसऱ्याला पटवण्यासाठी न्यायसूत्रांनी पाच अवयवांचं वाक्य सांगितलंय : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नेहमीचा दाखला तुम्ही ऐकला असेल. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन.

समजा, बी.कॉम. झालेली एक मुलगी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स विभागात मुलाखतीला गेली आहे. नोकरीचा अनुभव नाही. पण गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब तिनं दोन वर्षं लिहिलाय. तिला विचारलं, 'तुम्हालाच का घ्यावं?' ती म्हणू शकते : 'हिशेबात फरक आला तर तो मला शोधता येतो. कारण बेरीज जुळेपर्यंत मूळ नोंदींपर्यंत मागे जायची माझी पद्धत आहे. आमच्या केंद्रावर १२० शेतकऱ्यांचं दूध यायचं, दर दहा दिवसांनी बिल निघायचं. एकदा वही आणि संगणक जुळेना. मी सकाळ-संध्याकाळच्या पावत्या वेगळ्या केल्या, तेव्हा एकाच नावाच्या दोन शेतकऱ्यांची नोंद एका खात्यात पडत होती हे दिसलं. तुमच्याकडेही गोदामात आलेला माल आणि पुरवठादाराचं बिल रोज ताडून बघावं लागतं, असं जाहिरातीत आहे. ते काम याच प्रकारचं आहे. म्हणून मला वाटतं, ते मी करू शकेन.'

मिनिटभराचं उत्तर आहे, पण पाचही अवयव त्यात आले. आणि 'मी मेहनती आहे' हे तिला एकदाही म्हणावं लागलं नाही.

हल्ली मुलाखतीच्या शिकवणीत 'स्टार' नावाची पद्धत शिकवतात : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. चांगली पद्धत आहे, जरूर वापरा. पण ती उदाहरणापाशी थांबते. उपनय राहून जातो. 'माझ्या या अनुभवाचा तुमच्या कामाशी संबंध काय' हे जोडायचं काम आपण समोरच्यावर टाकतो, आणि दिवसभर मुलाखती घेऊन दमलेला माणूस ते करेलच असं नाही. उपनय मात्र आयत्या वेळी सुचत नाही. त्यासाठी जाहिरात ओळ न ओळ वाचावी लागते, ती कंपनी काय बनवते, कुणाला विकते, हे आधी बघावं लागतं. मुलाखतीच्या तयारीतला खरा वेळ इथे द्या.

आता एका अवघड जागेकडे येतो. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांमधून हजारो मुलं-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. चार-पाच वर्षं जातात. यूपीएससीच्या २०२५ गुणांपैकी मुलाखतीचे २७५. तिथपर्यंत पोचूनही यादीत नाव नसलेले पुष्कळ असतात. मग खासगी नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न येतो, 'ही चार वर्षं काय केलंत?' आणि मुलं मान खाली घालतात. काही जण तर नसलेली नोकरी दाखवतात. तसं करू नका. अनुभवाचं पत्र, पगाराच्या पावत्या तपासल्या जातात. आणि तपासलं नाही तरी पुढचे तीन प्रश्न त्या खोट्यावरच येतात.

खरं काय आहे ते दोन वाक्यांत सांगा : 'चार वर्षं राज्यसेवेची तयारी केली. निवड झाली नाही, आता तो टप्पा मी संपवला आहे.' दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण हा मुलगा पुढच्या पूर्वपरीक्षेला सोडून जाईल का, ही समोरच्याची खरी शंका असते. आणि मग लगेच हेतू-उदाहरण द्या. रोज वर्तमानपत्राची टिपणं काढलीत? दोनशे पानांचा अहवाल चार पानांत आणता येतो? अभ्यासिकेत लहान मुलांना गणित शिकवलंत? हे काम आहे. त्याला काम म्हणायची सवय आपल्याला नाही, एवढंच.

न्यायसूत्रांत वादात हार होण्याच्या २२ जागा सांगितल्यात, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतल्या चार मुलाखतीत रोज दिसतात. 'अर्थांतर' : विचारलं एक, उत्तर भलतंच. 'अधिक' : एक उदाहरण पुरेसं असताना तीन देणं. 'अविज्ञातार्थ' : इतकं भरभर किंवा जड शब्दांत बोलणं, की तीनदा सांगूनही कुणाला कळू नये. आणि 'प्रतिज्ञाहानी' : समोरच्यानं जरा भुवया उंचावल्या, की आपलंच म्हणणं सोडून देणं. घरी फोनवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्या तीन चुका लगेच सापडतील. चौथीसाठी मात्र समोर उलटतपासणी घेणारा मित्र हवा.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडून काढायचं ती वितंडा. मुलाखत वादासारखी घ्या. हे काम आणि ही व्यक्ती जुळते का, हे दोघांनी मिळून शोधायचं आहे. म्हणून 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हटलं तर 'नाही सर' म्हणून उठू नका. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल? मी कुणाच्या हाताखाली काम करेन? हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

शेवटचा मुद्दा. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली नोकरभरतीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते गणित पुन्हा मांडलं. सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारणारी मुलाखत त्यात पहिल्या क्रमांकावर आली. पण तिचा प्रत्यक्ष कामाशी सहसंबंध किती? सुमारे ०.४२. एक म्हणजे अचूक भाकीत. म्हणजे उत्तमातली उत्तम मुलाखतही माणूस अर्धामुर्धाच ओळखते. नकार आला तर तो त्या दिवशीच्या एका अपुऱ्या अनुमानाचा निकाल आहे. घरचे विचारतील, शेजारी विचारतील, ते लागतं, मला माहीत आहे. पण त्या अनुमानाला स्वतःबद्दलचं अंतिम सत्य मानू नका.

(श्रोत्यांमधून प्रश्न : इंग्रजी अडखळतं, त्याचं काय करायचं?)

ज्या कामात दिवसभर ग्राहकांशी इंग्रजीत बोलायचं आहे, तिथे इंग्रजी ही पात्रताच आहे, ती कमवावी लागेल. बाकी ठिकाणी आपली पाच उदाहरणं आधी मराठीत नीट जुळवा, मग छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत आणा. पाठ करू नका, एक शब्द विसरला की सगळंच अडतं. आणि 'मी हिंदीत सांगू का?' असं विचारायला हरकत नाही. पुष्कळदा अडचण भाषेची नसतेच. सांगायचं काय हे ठरलेलं नसतं, आणि खापर इंग्रजीवर फुटतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. तुम्ही केलेल्या पाच कामांच्या घटना लिहा, आणि प्रत्येकीखाली उपनयाची एक ओळ मोकळी सोडा. ती ओळ प्रत्येक जाहिरातीसाठी नव्यानं भरायची.