सकाळची डोकेदुखी आणि झोपेतील श्वासरोध
कडेगावसारख्या गावी सकाळी डोके दुखले की अर्धशिशी समजून गोळी घेतली जाते. अर्धशिशीत बहुधा एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड सोसत नाही. परंतु उठताच दोन्ही बाजूंनी डोके जड होऊन दुखत असेल, काही तासांत ते ओसरत असेल आणि रात्री मोठ्याने घोरण्याची सवय असेल, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी. या विकारात श्वास वारंवार १० सेकंद वा अधिक काळ थांबतो. रुग्णास त्याचा पत्ता नसतो, घरच्यांस असतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत न्यावे. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेली, मुखवट्यातून हवेचा दाब देण्याची पद्धत आजही प्रमुख उपचार आहे. पहिल्या रात्री मुखवटा जाचतो. तो टाकून न देता बदलून घ्यावा. अर्धशिशीही असल्यास तिचे औषध वेगळे चालू ठेवावे लागते.