दुचाकीची बॅटरी बदलण्यापूर्वी

मालवणच्या बंदरावर पहाटे मासळीचा लिलाव आटोपला, की माल घेऊन निघणाऱ्यांची एकच घाई उडते. मागे खोके बांधलेल्या मोटारसायकली आचरा, कट्टा, कसाल, कुडाळच्या वाटेला लागतात. मासळी वेळेवर गावात पोहोचली तर भाव येतो. दोन तास उशीर झाला तर बर्फही जातो आणि गिऱ्हाईकही. पाव-बटर घेऊन वाडी-वाडीत फिरणारे बेकरीवाले, कापडाचे गठ्ठे बांधून आठवडा बाजार गाठणारे व्यापारी, हत्यारांची पिशवी घेऊन कामावर जाणारे वायरमन, सुतार, प्लंबर या सर्वांचा दिवस दुचाकीवरच उभा असतो. अशा वेळी सेल्फचे बटण दाबले आणि नुसते ‘टक्’ वाजले, तर ती केवळ गाडीची तक्रार राहत नाही. त्या दिवसाची रोजी अडते.

आमच्या परिचयातील एका मासळी विक्रेत्याने आठ महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या घातल्या. दोन्ही फुगून निकामी झाल्या. तिसरी घ्यायला निघाले, तेव्हा एका जाणत्या कारागिराने आधी मीटर लावून पाहिला. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १६ व्होल्टपेक्षा जास्त दाब येत होता. दोष रेग्युलेटरचा होता आणि बदलली जात होती बॅटरी. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसला हा प्रकार. लहान बॅटरीलाही आज हजार-दीड हजार रुपये मोजावे लागतात. म्हणून नवी बॅटरी कशी निवडावी, हे सांगण्याआधी ती खरोखर बदलायला झाली आहे का, हे पाहण्याची रीत आम्ही येथे देत आहोत.

बॅटरी काय करते?

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘ॲसिड’ म्हणतो ते, असते. एका कप्प्यातून सुमारे २.१ व्होल्ट मिळतात. वीज काढून घेतली, की पट्ट्यांवर शिशाचा एक क्षार जमतो. गाडी चालू असताना चार्जिंग मिळाले, की तो परत विरघळतो. परंतु बॅटरी उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर हाच क्षार कडक खड्यांसारखा घट्ट होतो आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही. बॅटरी वापराने मरते, त्याहून अधिक ती उपाशी राहून मरते, हे ध्यानात ठेवावे.

जुन्या किकच्या गाड्यांना बॅटरी नसली तरी बहुधा चालत असे. हॉर्न वाजला नाही, इंडिकेटर मंदावले, एवढेच. आता तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन पद्धत आली. पेट्रोलचा पंप आणि ते मोजून देणारी यंत्रणा विजेवर चालते. बॅटरी पूर्ण बसली, तर अशा काही गाड्या किक मारूनही सुरू होत नाहीत.

बॅटरी गेली की दुसरे काही?

साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. चार-पाच दुकानदारांनी मिळून एक घेऊन ठेवला तरी पुरे. तपासणी अशी करावी.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मीटर लावावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास ती अर्धी उतरलेली समजावी. १२ च्या खाली असेल तर पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहावी. पूर्ण चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या जवळच थांबत असेल, तर सहापैकी एक कप्पा मेला आहे. अशा बॅटरीवर पुढे खर्च करण्यात अर्थ नाही.

नंतर सेल्फ मारताना मीटर पाहावा. आकडा थोडा खाली येणारच, पण चार्ज केलेली बॅटरी साडेनऊच्याही खाली कोसळत असेल, तर तिचा जोर संपला आहे.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच वगळली जाते. गाडी चालू करून ॲक्सिलरेटर मध्यम द्यावा. आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आला पाहिजे. १३ च्या वर जात नसेल तर चार्जिंग होत नाही. मॅग्नेटोची कॉइल, रेग्युलेटर, वायरिंग किंवा एखादा गंजलेला जोड यांत दोष शोधावा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बदलल्याशिवाय नवी बॅटरी घालणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय.

याखेरीज गाडी बंद असतानाही वीज खाणारी उपकरणे असतात. समजा, बाहेरून बसवलेला एखादा अलार्म १० मिलिअँपिअर घेतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ३ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी तो ३०० तासांत, म्हणजे साडेबारा दिवसांत रिकामी करील. तीच गोष्ट जादा दिव्यांची. वीस-वीस वॅटचे दोन दिवे लावले, तर ४० वॅट भागिले १२, म्हणजे सव्वातीन अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. सावकाश चालणाऱ्या गाडीचे चार्जिंग तेवढे पुरवू शकत नाही आणि उरलेला भार बॅटरीवर पडतो.

निवडताना चार गोष्टी

पहिली, व्होल्ट. आजच्या सर्व गाड्या १२ व्होल्टच्या आहेत. मात्र कोणाकडे जपून ठेवलेली राजदूत किंवा येझदी असेल, तर ती ६ व्होल्टची असण्याचा संभव आहे. तिथे १२ व्होल्टची बॅटरी जोडली, तर बल्ब पेटायच्या ऐवजी उडतील.

दुसरी, अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप. शंभर सीसीच्या जुन्या किकच्या गाड्यांत अडीच अँपिअर-तासाची बॅटरी असते. सेल्फच्या गाड्यांत ती तीनपासून नऊपर्यंत, तर सेल्फच्या जुन्या बुलेटमध्ये १४ पर्यंत असते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप हेच खरे. पैसे वाचवण्यासाठी त्याहून लहान घेतली, तर सेल्फ तिला दमवतो. ‘मोठी घाला, जास्त टिकेल’ हा सल्लाही सरसकट मानू नये. मोठी बॅटरी जागेत बसत नाही आणि छोट्या-छोट्या फेऱ्यांत ती पूर्ण भरतही नाही.

तिसरी, लांबी, रुंदी व उंची. पेटीत बॅटरी हलत राहिली, तर आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांत पट्ट्या आतल्या आत झिजून तुटतात.

चौथी, टोकांची बाजू. पॉझिटिव्ह उजवीकडे की डावीकडे, हे जुन्या बॅटरीशी ताडून पाहावे. बाजू उलटी असली, तर वायर ताणून जोडण्याच्या नादात उलटसुलट जोडणी होते आणि रेग्युलेटर, कधी कधी इंजेक्शनची पेटीही जळते. म्हणून शक्य तर जुनी बॅटरी काढून दुकानात सोबतच न्यावी.

पाण्याची की मेंटेनन्स-फ्री?

पाण्याची बॅटरी स्वस्त पडते. मात्र दर महिन्याला पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. पहिल्यांदा बॅटरीसोबत आलेले ॲसिड भरावे. त्यानंतर पुन्हा ॲसिड कधीही घालू नये. विहिरीचे, नळाचे किंवा बर्फाचे पाणी तर मुळीच नको, कारण त्यातील क्षार पट्ट्या खातात. या बॅटरीची वाफ बाहेर सोडणारी बारीक नळी चेन आणि चासीपासून दूर, खाली मोकळी सोडलेली असावी. ती दबली तर बॅटरी फुगते. सुटली तर ॲसिड उडून लोखंड कुरतडते.

मेंटेनन्स-फ्री बॅटरीत ॲसिड काचेच्या तंतूंच्या पापुद्र्यांत शोषलेले असते. ती सांडत नाही, पाणी मागत नाही. किनाऱ्यावर रोज खडबडीत रस्त्याने फिरणाऱ्याला हीच सोयीची, असे आमचे मत आहे. मात्र जादा व्होल्टने ती आतून वाळली, तर तिच्यात पाणी घालून सुधारता येत नाही. म्हणून चार्जिंग तपासूनच ती घ्यावी. गाडीत मुळात मेंटेनन्स-फ्री असेल, तर पैशांसाठी पाण्याची घालू नये. पुष्कळ गाड्यांत ती आडवी किंवा सीटखाली बंद जागेत बसवलेली असते. हलक्या लिथियम बॅटऱ्याही बाजारात आहेत, पण आपल्या गाडीचे चार्जिंग त्यांना मानवते की नाही हे निश्चित झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

दुकानात गेल्यावर

नाव कोणत्याही कंपनीचे असो, प्रथम बनावटीची तारीख वाचावी. बॅटरी फळीवर पडून राहिली तरी थोडी थोडी उतरत असते आणि उन्हाळ्यात अधिक वेगाने. नुकत्याच बनलेल्या मालाचा आग्रह धरावा. दुकानात मीटर लावून दाखवायला सांगावे. प्रामाणिक दुकानदाराला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. पाण्याची बॅटरी ॲसिड भरून लगेच गाडीत घालून दिली जाते, तेही चूक आहे. भरल्यावर किमान अर्धा तास मुरू द्यावी आणि मग हळू चार्ज करावी. चार्जिंगचा प्रवाह मापाच्या एक दशांश असावा. ४ अँपिअर-तासाला ०.४ अँपिअर, दहा-बारा तास. मोटारीच्या मोठ्या चार्जरवर ती उकळते. चार्ज करताना जवळ बिडी-काडी पेटवू नये, कारण त्या वेळी ज्वलनशील वायू निघतो.

हमीची मुदत दोन भागांत दिलेली असू शकते. पहिल्या काळात बॅटरी मोफत बदलून मिळते, पुढच्या काळात केवळ किमतीत सवलत. यातले कोणते किती, हे आधी विचारावे. कार्डावरचा क्रमांक बॅटरीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा, तारीख-शिक्का घ्यावा आणि पक्के बिल मागावे. मुंबईहून कोणाबरोबर स्वस्तात मागवलेल्या बॅटरीची हमी कुडाळ-कणकवलीत चालेल का, हेही आधी समजून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिशाच्या बॅटरीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने आकारणी होत नाही ना, ते बिलावर पाहावे.

जुनी बॅटरी दुकानदाराला देऊन तिची किंमत वळती करून घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती इतर कचऱ्यात टाकता येत नाही. त्यातील ॲसिड गटारात किंवा खाडीत ओतणे आणि परसात फोडून शिसे काढणे, हे दोन्ही घातक आहे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते.

खारी हवा आणि उभी गाडी

किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असते. त्यात मासळीच्या खोक्यातून ठिबकणारे खारे पाणी बाजूच्या झाकणात शिरले, की टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरते आणि चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. खोक्याखाली पत्रा किंवा जाड रबर घालून पाणी बाहेर काढावे. भुकटी आली तर टोके सोडवून खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ब्रशने घासावीत, मात्र ते पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नये. मग टोके कोरडी करून घट्ट आवळावीत आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना आधी पॉझिटिव्ह, हा क्रम मोडू नये.

पावसाळ्यात १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते आणि तितका काळ कित्येक गाड्याही पडवीत उभ्या राहतात. मुंबईकरांच्या आणि आखातात नोकरीला असलेल्यांच्या गाड्यांची तर वर्षातले दहा-अकरा महिने हीच अवस्था. सुट्टीवर आल्यावर दरवेळी नवी बॅटरी घेण्यापेक्षा, जाताना ती पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी आणि घरच्या माणसाला दर महिन्याला चार्ज करायला सांगून जावे. आठवड्यातून पाच मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवण्याने काही साधत नाही. सेल्फने घेतलेली वीजही धड भरून येत नाही.

आमच्या त्या मासळीवाल्या मित्राने शेवटी रेग्युलेटर बदलला आणि मगच तिसरी बॅटरी घातली. पहिल्याच वेळी मीटर लावला असता तर दोन बॅटऱ्यांचे पैसे आणि बुडालेले दिवस दोन्ही वाचले असते. आपल्या धंद्यात तराजू तपासल्याशिवाय आपण माल तोलत नाही. गाडीच्या बाबतीतही तोच नियम पाळावा, एवढेच आमचे सांगणे आहे.